धुराची बिअर: बांबर्गची श्लेंकर्ला



मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं, की ऑफिसच्या कामासाठी दहा महिने जर्मनीत काढलेस आणि अजून बिअरवर एकही भाग नाही? तर घ्या, आजचा भाग बिअरवर. पण "जर्मनीतल्या टॉप टेन बिअर" असलं काही नाहीये. एकच गाव, त्यातली एकच ब्रुअरी आणि तिच्या पाच बिअर. कारण ही ब्रुअरी जे करते ते जगात फार कमी जण करतात. तिच्या बिअरला धुराची चव असते. वरून घातलेला इसेन्स वगैरे नाही, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या धुराची.

नेहमीची सूचना आधी देऊन टाकतो. दारू तब्येतीला चांगली नसते, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्याने वय 21 पूर्ण लागतं. जे पीत नाहीत त्यांनीही थांबा, कारण या भागात बिअरपेक्षा चूल जास्त आहे. ते कसं, ते पुढे कळेलच.

गाव आणि घर

मी राहायला अर्लांगनला होतो. दक्षिण जर्मनीतलं बव्हेरिया राज्य, त्याच्या उत्तरेकडचा फ्रँकोनिया नावाचा भाग. अर्लांगनहून उत्तरेला जाणारी लोकल ट्रेन पकडली की अर्ध्या-पाऊण तासात बांबर्ग येतं. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं तालुक्याचं गाव. मधून रेग्निट्स नावाची नदी जाते, आणि नदीच्या मधोमध, पुलावरच, जुनी नगरपालिका बांधलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात गावाचं फार नुकसान झालं नाही, त्यामुळे जुन्या गल्ल्या, जुनी घरं शिल्लक आहेत. 1993 साली युनेस्कोनं जुनं गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

एवढ्याशा गावात दहा-बारा ब्रुअऱ्या आहेत. आजूबाजूचा अप्पर फ्रँकोनिया जिल्हा धरला तर दोनशेच्या आसपास. आपल्याकडे जशी गावोगावी पिठाची गिरणी, तशी तिथं ब्रुअरी. बऱ्याच जणांची बिअर गावाबाहेर जातही नाही. गावात करायची, गावातच संपवायची.

आपली ब्रुअरी म्हणजे श्लेंकर्ला. कॅथेड्रलच्या खालच्या अंगाला, एका अरुंद गल्लीत हे घर आहे. या घराचा कागदोपत्री उल्लेख 1405 सालापासून सापडतो. आज ट्रुम कुटुंबाची सहावी पिढी ते चालवते. नावाची गोष्ट मजेशीर आहे. जर्मनमध्ये "श्लेंकर्न" म्हणजे हात-पाय हलवत, झोकांड्या दिल्यासारखं चालणं. असं सांगतात की पूर्वीच्या एका मालकाची चाल तशी होती, म्हणून लोकांनी त्याला ते नाव पाडलं. "ला" हा फ्रँकोनियन बोलीतला लाडाचा प्रत्यय, आपल्या "पिल्लू"ला जसं "पिटुकलं" म्हणतो तसा. म्हणजे ब्रुअरीचं नाव मराठीत करायचं तर "डुलक्या". इतक्या जुन्या दाराखाली उभं राहून आपण "डुलक्याकडे" बिअर प्यायला आलोय हे कळलं, की सगळा वारसा-बिरसा एकदम घरगुती होतो.

आणखी एक "ला" तिथंच भेटतो. अर्ध्या लिटरच्या मगाला तिथले लोक "साइडला" म्हणतात. आपण रिक्षावाल्याला म्हणतो तेच, "दादा, साइडला घ्या". मी पहिल्यांदा वेट्रेसकडून "साइडला?" ऐकलं आणि खुर्ची सरकवून बाजूला झालो. शेजारचे आजोबा हसले. त्यांना मी मराठीतला अर्थ सांगितला, तर पुढचा तासभर ते प्रत्येक मग आला की स्वतःच बाजूला सरकून दाखवत होते.

आत गेलात की काळ्या पडलेल्या लाकडी तुळया, लांब बाकं, आणि टेबल शेअर करायची पद्धत. रिकामी जागा दिसली की "इथं बसू का?" विचारायचं आणि बसायचं. बिअर लाकडी पिंपातून येते, गॅस किंवा पंप काही नाही. पिंपाला तोटी ठोकलेली, मग खाली धरायचा, बस्स.

मेर्त्सेन: पहिला घोट

ब्रुअरीची मुख्य बिअर म्हणजे मेर्त्सेन, 5.1 टक्के. मेर्त्स म्हणजे मार्च महिना. फ्रिज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात बिअर नासायची, म्हणून बव्हेरियात 1553 साली हुकूमच निघाला, की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. मग मार्चमध्ये जरा दणकट बिअर करून ठेवायची आणि ती थंड तळघरांत उन्हाळाभर पुरवायची. बांबर्गमध्ये अशी तळघरं टेकड्यांच्या खडकात खोदलेली आहेत. श्लेंकर्लाची बिअर अजूनही श्टेफान्सबर्ग नावाच्या टेकडीच्या पोटातच मुरते. तळघर टेकडीत आणि बसायची बाग त्याच्या डोक्यावर, म्हणून गावातले लोक "तळघरात जाऊ" म्हणत नाहीत, "तळघरावर जाऊ" म्हणतात.

मेर्त्सेनचा रंग गडद तपकिरी, पातळ केलेल्या काकवीसारखा. वरचा फेस पांढरट-पिवळसर. मग नाकाशी नेला, की पहिल्या सेकंदाला फक्त धूर. माझ्या टीममधला एक जर्मन सहकारी, उत्तरेकडचा, सोबत होता. तो म्हणाला, "हे तर पातळ केलेलं हॅम आहे." जगभरातले बहुतेक लोक हेच म्हणतात, बेकन, हॅम, स्मोक्ड सॉसेज. त्यांच्या घरात धुराचा वास मांसाला येतो, म्हणून त्यांना मांस आठवतं.

मला मांस आठवलं नाही. मला वांगं आठवलं. भरतासाठी वांगं थेट जाळावर धरतो, साल तडतडते, काळी पडते आणि आतून पाणी सुटून त्या सालीवर येतं, तो क्षण. त्यानंतर आठवला हुरडा. आगटीतून काढलेली कणसं हातावर चोळताना येतो तो वास, थोडा गोड, थोडा कच्चा, थोडा राखेचा. फोनमध्ये मी त्या दिवशी नोंद केली होती ती तशीच वाचून दाखवतो: "वास भरताचा. चव भाकरीच्या पापुद्र्याची. शेवट कोरडा, कडवट, पण लगेच पुन्हा प्यावंसं वाटतं. गोडवा शोधावा लागतो."

गोडवा शोधावा लागतो हे महत्त्वाचं. श्लेंकर्लामध्ये सगळे सांगतात की पहिल्या मगावरून मत बनवू नका, तिसऱ्या मगापर्यंत थांबा. मला आधी वाटलं, खप वाढवायची युक्ती आहे. पण त्यात नाकाचं साधं शास्त्र आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक तो कळवणं कमी करतं. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये एखादा अलर्ट दिवसभर वाजत राहिला की टीम त्याच्याकडे बघणं सोडून देते ना, तसं. धुराचा अलर्ट म्यूट झाला की मागचं बाकी सगळं ऐकू यायला लागतं. दुसऱ्या मगाच्या अर्ध्यात मला माल्टचा गोडवा लागला, भाजलेल्या साखरेसारखा. त्यानंतर हॉप्सचा कडूपणा. धूर होताच, पण आता तो जेवणातल्या फोडणीसारखा मागे गेला होता. तीन मग प्यायलाच पाहिजेत असं मुळीच नाही. एकच मग सावकाश, बोलत-बोलत प्या, तेवढ्यानंही काम होतं.

धूर येतो कुठून

बिअरसाठी बार्ली भिजवतात, मोड आणतात आणि मोड योग्य लांबीचे झाले की वाळवून वाढ थांबवतात. मोड आलेलं आणि वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट. नाचणीचं सत्त्व घरी केलं असेल त्यांना ही पायरी ओळखीची वाटेल: भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा. आपल्याकडे वाळवायला ऊन आहे. उत्तर युरोपात ओल्या थंडीत धान्य उन्हात कसं वाळणार? म्हणून भट्टी. खाली जाळ, वर जाळीवर पसरलेलं धान्य. जाळाची गरम हवा धान्यातून वर जाते, आणि हवेसोबत धूरही जातो. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉलसारखी संयुगं तयार होतात, ती धान्याच्या ओल्या टरफलाला चिकटतात आणि पार बिअरच्या मगापर्यंत टिकतात.

आता यातली मुद्द्याची गोष्ट ऐका. एके काळी युरोपातल्या बहुतेक बिअरना कमी-जास्त धुराचा वास असायचा. तो कोणी मुद्दाम आणत नव्हतं. भट्टीत लाकूड जाळलं की तो येणारच. लोकांना तो नकोसाही वाटायचा. इंग्लंडमध्ये 1635 साली निकोलस हॅल्स नावाच्या माणसानं धुराशिवाय माल्ट वाळवायच्या भट्टीचं पेटंट घेतलं. म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी ही समस्या सोडवायला बसलं होतं. पुढे दगडी कोळशापासून केलेला कोक आला, त्याला धूर जवळजवळ नाही. 1817 मध्ये डॅनियल व्हीलरनं माल्ट भाजायच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं, म्हणजे गडद रंगासाठीही धुराची गरज उरली नाही. 1842 मध्ये प्लझेन गावात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरनं सोनेरी, स्वच्छ पिल्सनर केली आणि तीच पुढे जगभर "बिअर" या शब्दाचा अर्थ झाली. आपल्याकडच्या दुकानातली बहुतेक लागर त्याच घराण्यातली.

जगानं धूर काढून टाकला. बांबर्गमधल्या दोन घरांनी तो ठेवला: श्लेंकर्ला आणि नदीपलीकडची श्पेत्सिआल. दोघांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांची स्वतःची माल्टची भट्टी आहे. ज्या ब्रुअऱ्या बाहेरून माल्ट विकत घ्यायला लागल्या त्यांच्याकडे आपोआप स्वच्छ माल्ट आलं. ज्यांनी स्वतःच्या भट्टीत लाकडं घालणं चालू ठेवलं, त्यांच्याकडे धूर राहिला. श्लेंकर्ला बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरते, वाळवून ठेवलेलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे चित्र पाठ असेल. कंपनीत एक जुना मॉड्यूल असतो, बाकी सगळ्यांनी नवा घेतलेला, एकाच टीमकडे जुना चालू. सगळे म्हणतात, कधीतरी बदला. आणि एक दिवस लक्षात येतं की त्या मॉड्यूलमधल्या एका गोष्टीसाठीच ग्राहक येतायत. आधी जो दोष होता तो दोनशे वर्षं तसाच ठेवला, आणि आसपासच्या सगळ्यांनी तो काढून टाकला, की त्याची ओळख बनते. बिअर बदलली नाही, शेजार बदलला.

बाकीच्या चार

हेलेस. ही फिकट सोनेरी लागर, 4.3 टक्के. हिच्यात धुराचं माल्ट अजिबात नसतं. पण ती त्याच तांब्याच्या हंड्यांत शिजते आणि तिच्यात त्याच घरातलं यीस्ट पडतं, तेवढ्यानं तिला धूर लागतो. किती? काल रात्री शेकोटीपाशी घातलेल्या शर्टाला सकाळी येतो तेवढा. धुराची भीती वाटत असेल तर इथून सुरुवात करा. मला ही पाचांत सगळ्यात गमतीशीर वाटली, कारण आपल्याकडे हाच प्रकार दुधाच्या बाबतीत दोष धरतात. "दुधाला धूर लागलाय" म्हटलं की चहाही करत नाहीत.

वाइत्सेन, म्हणजे गव्हाची बिअर, 5.2 टक्के. बार्लीचं माल्ट धुराचं, गव्हाचं साधं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट स्वतःच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं. लवंगेसारखा वास देणारं संयुग रासायनिकदृष्ट्या धुरातल्या ग्वायकॉलचंच भावंड आहे, त्यामुळे दोघं भांडत नाहीत. माझी नोंद: "शिकरण. लवंग टाकलेलं. चुलीशेजारी झाकून ठेवलेलं." पुणेकरांनी रागावू नये. चांगलं लागतं.

उरबॉक, 6.5 टक्के. ही ऑक्टोबरपासून मिळते, आधी कित्येक महिने खडकातल्या तळघरात मुरलेली असते. मेर्त्सेनसारखाच धूर, पण खाली गोडाचा जाड थर: खारीक, काकवी, तुपात जरा जास्त परतलेला रवा. थंडी पडायला लागलेली असते आणि ही अंगात उतरते. चढतेही, त्यामुळे लहान मग मागायला लाजू नका. माझी सगळ्यात आवडती हीच.

आइशे, म्हणजे ओक. डोपलबॉक, 8 टक्के, नाताळच्या सुमारास. इथं माल्ट बीचऐवजी ओकच्या धुरात वाळवतात. लाकूड बदललं की धूर किती बदलतो हे कळायला मेर्त्सेन आणि आइशे पाठोपाठ चाखून बघा. बीचचा धूर टोकदार, ओकचा मऊ आणि गोलसर. रंगानंही ही उजळ, मधासारखी. मला बाभळीच्या जाळावरची आणि तुराट्यांच्या जाळावरची भाकरी आठवली. दोन्ही चुलीवरच्याच, पण खाणाऱ्याला फरक कळतो.

तुलनेसाठी एकदा श्पेत्सिआललाही जाऊन या. तिथली धुराची लागर बरीच हलकी आहे, धूर मागच्या बाकावर बसलेला. ज्यांना श्लेंकर्ला अंगावर येते त्यांना ही आवडते.

खायला काय? श्लेंकर्लामध्ये बांबर्गचा कांदा मिळतो. अख्ख्या मोठ्या कांद्यात डुकराच्या मांसाचा खिमा भरून, वर धुराच्या बिअरचा सॉस. शाकाहारी लोकांनी ब्रेड, चीज आणि मुळा घ्यावा. चीज आणि मेर्त्सेन ही जोडी कांद्याच्या तोडीची आहे.

चूल

आता जे सांगायचं होतं ते. मेर्त्सेनच्या वासानं मला भरीत आठवलं, हुरडा आठवला, हे बोलायला छान वाटतं. पण त्या वासासोबत आणखी एक आवाज येतो, तो माझ्या आजीच्या खोकल्याचा.

आजी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. स्वयंपाकघर म्हणजे मागची काळी खोली, एक झरोका, कोपऱ्यात चूल. पावसाळ्यात लाकडं ओली असायची. मग ती फुंकणी घेऊन वाकायची, फुंकायची, डोळे पदरानं पुसायची, पुन्हा फुंकायची. साठ वर्षं, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. शेवटची सात-आठ वर्षं तिला दम लागायचा. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघून तिला पहिला प्रश्न विचारला, "आजी, विडी ओढता का?" तिला इतका राग आला, की औषधाचं नावसुद्धा न ऐकता ती उठली. तिनं आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. वडिलांनी मग डॉक्टरांना सांगितलं, की घरात चूल आहे. डॉक्टर म्हणाले, तेच.

ती एकटी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या अशा धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं किती असतील हे वेगळं सांगायला नको. चुलीपाशी तीच असतात. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गावागावांत सिलिंडर पोचले. आमच्याकडे गॅस त्याच्या आधीच आला होता, पण आजी भाकरी चुलीवरच करायची. आम्ही सुट्टीत गेलो की "आजी, गॅसची भाकरी नको गं, चुलीवरची कर" हे आम्हीच म्हणायचो. आणि ती करायची. पोरं मागतायत म्हणून.

म्हणून आता हायवेवर "चुलीवरची मिसळ", "चुलीवरचं मटण", "चुलीवरचा चहा" असे बोर्ड दिसतात तेव्हा माझं दोन्हीकडे ओढलं जातं. चव खरी आहे. पण बोर्डामागे, शेडच्या टोकाला, रोजंदारीवर बसलेली एक बाई भाकरी थापत असते आणि धूर तिच्या तोंडावर असतो. गिऱ्हाईक पंख्याखाली. चवीची किंमत बिलात असते, धुराची नसते.

श्लेंकर्लामध्ये मी हे का आठवत बसलो? कारण तिथं मला पहिल्यांदा हा हिशोब वेगळा मांडलेला दिसला. भट्टीची रचना बघा. जाळ खाली वेगळ्या कप्प्यात, धान्य वर, धुराला वाट वरच्या धुराड्यातून. धूर धान्याला द्यायचा आहे, माणसाला नाही. लाकूड वाळवून ठेवलेलं, म्हणजे ओल्या फाटीसारखा गुदमरवणारा धूर नाही. भट्टी पेटवणं हे पगार मिळणारं, शिकून येणारं काम. त्याला नाव आहे, मान आहे, जर्मनीत ब्रुअर आणि माल्टस्टर हा रीतसर शिकाऊ अभ्यासक्रम आहे. आणि मुख्य म्हणजे शेजारी स्वच्छ माल्ट विकत मिळत असताना या घरानं धूर निवडलाय. त्याच बांबर्गमध्ये 1879 पासून वायरमान नावाचा मोठा माल्ट कारखाना आहे. आपल्या पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्येही त्याचं माल्ट येतं. श्लेंकर्लाला उद्या लाकूड बंद करायचं तर गाडी गावातूनच येईल. तरी ते लाकडं घालतात.

आजीला निवड नव्हती. आधी गॅस नव्हता म्हणून, आणि नंतर गॅस असूनही आमच्या जिभेसाठी. एकच धूर, पण एकीकडे तो हौसेनं ठेवलेला आणि दुसरीकडे नशिबाला आलेला. "जुन्या चवी टिकल्या पाहिजेत" असं कुणी म्हटलं की मी आता एक प्रश्न विचारतो, की टिकवताना धूर कुणाच्या छातीत जातोय? त्याचं उत्तर नीट देता येत असेल, तर चूल जरूर ठेवा. भाकरीसाठी उंच धुराडं बांधता येतं, बिनधुराच्या चुली मिळतात, फाटी वाळवून ठेवता येतात. आणि भरताचं वांगं तर गॅसवरही खरपूस भाजतं. साल जळली पाहिजे, एवढंच.

जाणार असाल तर

न्यूरेंबर्ग किंवा अर्लांगनला आपली बरीच मुलं-मुली कामाला असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. शनिवारी संध्याकाळी श्लेंकर्लात बसायला जागा मिळणं कठीण, आठवड्यातल्या दुपारी जा. आत जागा नसेल तर दारातच खिडकी आहे. तिथून मग घ्यायचा आणि गल्लीत उभं राहून प्यायचा, सगळे तेच करतात. पहिली मेर्त्सेन लाकडी पिंपातलीच घ्या, कारण बाटलीतल्या आणि पिंपातल्या बिअरमध्ये फरक आहे, पिंपातली जास्त मऊ लागते. आधी हेलेस, मग मेर्त्सेन, मोसम असेल तर शेवटी उरबॉक, हा क्रम ठेवा. उलटा केलात तर हेलेस पाण्यासारखी लागेल. आणि परतीची शेवटची ट्रेन आधी बघून ठेवा. गाडी चालवत जाऊ नका.

गेलात तर पहिल्या घोटाला तुम्हाला काय आठवलं ते मला लिहा. वांगं, हुरडा, हॅम, होळी, काहीही. आणि ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी एक करा: या रविवारी फुंकणी तुम्ही हातात घ्या, आणि जिच्या हातात ती रोज असते तिला बाहेर ओट्यावर बसवा. भाकरी गोल नाही आली तरी चालेल.